वरच्याची जागा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विसरलो होतो असं अजिबात नाही. विषय निघाला की मला नेमकी विहिरीची मोटर बंद करायची आठवण व्हायची. आता पंचाहत्तरी उलटली. सांगतो, पण कुणी माझी पाठ थोपटावी म्हणून नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात ट्रकपासून करावी लागेल, कारण गावात सध्या त्याचीच चर्चा आहे. बोर्डीला माझ्या चिकूच्या वाडीत माझा जुना नाकवाला ट्रक उभा आहे. इंजिन पुढे लांब बॉनेटखाली, केबिन त्याच्या मागे. तसले ट्रक आता रस्त्यावर दिसत नाहीत. हायवेवरचा एक ढाबेवाला तो मागायला आला होता. ढाब्यापुढे उभा करणार, दिव्यांच्या माळा सोडणार, लोक त्याच्याजवळ फोटो काढणार. माझ्या मुलाला हे पसंत होतं. मी ढाबेवाल्याला चहा पाजून परत पाठवला आणि मुलाला सांगितलं, मी याची डबल केबिन करणार आहे. म्हणजे ड्रायव्हरच्या मागे आणखी एक सीट, तिला तिचं दार, डोक्यावर छप्पर.

मुलगा डहाणूला नोकरी करतो, आवाज चढवत नाही. त्याने विचारलं, "बाबा, त्या सीटवर बसणार कोण?"

"माल भरणारी माणसं."

तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने बायकोकडे पाहिलं. त्या संध्याकाळी सुनेने माझी रक्तदाबाची गोळी स्वतः आणून दिली आणि मी गिळेपर्यंत उभी राहिली.

मी थांबलो नाही. वाडीतली पानं झाडून काढली आणि जमिनीवर फक्कीने खराखुरा ट्रक आखला. पुढचं नाक, ड्रायव्हरची सीट, तिच्यामागे नवी सीट, मग माल भरायचा, आखूड झालेला हौदा. त्या पांढऱ्या रेघांत खुर्च्या मांडून मी बसून पाहायचो. शेजारी कुंपणावरून विचारायचे, काका, गाडी कुठवर पोचली? मी म्हणायचो, तलासरी गेली, भिलाड येतंय.

तलासरीला हायवेलगत बॉडी बांधणारा एक मिस्त्री आहे, अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलणारा. त्याला आणून दाखवलं. तो रेघांभोवती फिरला. चासी कापायची नाही यावर आमचं लगेच जमलं. हौदा आखूड करायचा, डिझेलची टाकी मागे सरकवायची, केबिनची मागची भिंत काढून टप, म्हणजे वरचं छप्पर, मागे वाढवायचा. आरटीओची मंजुरी आधी, कटर नंतर, हेही त्याने बजावलं. मग म्हणाला, "काका, हौदा एवढा कापला तर माल कुठे भरणार? माणसं तर मालावर पण बसतात."

"तेच बंद करायचंय."

"आणि हा जुना टप? सडलाय. नवा पत्रा टाकू."

"टपाला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "वाढव, पण जुना पत्रा तसाच ठेव. त्याचे पोचेसुद्धा ठोकून काढायचे नाहीत." तो माझ्याकडे बघत राहिला. ते पोचे कशाचे, ते त्याला कुठून कळणार.

आमच्या भागातून गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, तेव्हाची गोष्ट. मी स्वतः ट्रक चालवायचो. गवताच्या गठड्या केबिनच्याही वर रचलेल्या, आणि त्यांच्यावर एक माणूस बसलेला. दोर सैल होतोय का, गठडी सरकतेय का, हे बघणं त्याचं काम. त्याला 'वरचा' म्हणत. त्याला नाव होतं, पण ट्रकवर ते कुणी घेत नसे. वरच्याला चहा दे, वरच्याला विचार. माझा वरचा झरीच्या पाड्यावरचा, माझ्याच वयाचा, अंगाने सडपातळ, दोर बांधण्यात पक्का. वरून खाली बोलायची सोय नव्हती, म्हणून तो पुढे वाकून टपावर थाप मारायचा. एक थाप म्हणजे चल. दोन थापा म्हणजे थांब.

आणखीही थापा असत. विवळवेढ्याला महालक्ष्मीचा फाटा आला की वर बसलेली माणसं देवीच्या नावाने टप बडवायची. सगळ्याच ट्रकवर तसं चालायचं.

त्या दिवशी फाट्याच्या अलीकडच्या चढावर टपावर दोन थापा पडल्या.

मी थांबलो नाही. ट्रकचा स्टार्टर तेव्हा मेला होता. चढावर उभा राहिलो असतो तर ट्रक पुन्हा चालू झाला नसता, आणि भरलेला ट्रक ढकलायला माणसं कुठून आणणार? वर चढून मग थांबू, असा विचार केला. पुन्हा दोन थापा पडल्या, जोरात. चढ संपायच्या आत दोर सुटला, गठड्या एका बाजूला कलल्या आणि त्यांच्याबरोबर तो खाली गेला.

वाचला. पण मांडीचं हाड असं जुळलं की डावा पाय गुडघ्यात वाकायचा बंद झाला.

पुढे कित्येक वर्षं मी मनाशी म्हणत आलो, मला वाटलं तो देवीसाठी थापा मारतोय. खोटं आहे. देवीच्या थापा ढोलासारख्या, लागोपाठ असतात. दोन म्हणजे दोनच. लहान पोरालाही फरक कळतो.

पण ही सबब मी दुसऱ्या कुणाला सांगितलीच नाही. तलासरीच्या नाक्यावर बाकीच्या ट्रकमालकांनी विचारलं, काय रे, तुझा वरचा पडला कसा? मी म्हटलं, ताडी घेऊन चढला होता. एवढंच एक वाक्य. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. पाड्यावरचा माणूस पडला की ताडी, याला आमच्याकडे कधी पुरावा लागला नाही, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

तो ताडी पीत नव्हता. महालक्ष्मीला बोलला होता, सोडली होती. म्हणून माझं वाक्य झरीला पोचलं तेव्हा त्याला शेपूट फुटलं. देवीला दिलेला शब्द मोडला, म्हणून देवीने आपल्या फाट्याजवळच त्याला पाडलं. त्याला पुन्हा कुणी ट्रकवर घेतलं नाही. पोरीच्या सोयरिकीतही ही गोष्ट आडवी आली. गावात त्याला नवं नाव मिळालं, ताडीवाला. जन्मात पुन्हा थेंब न घेता तो माणूस म्हातारा होईपर्यंत ताडीवाला राहिला.

मिस्त्री गेल्यावर मी मापाची टेप खिशात घातली आणि झरीला गेलो. निमित्त खरं होतं. न वाकणाऱ्या पायाला सीटपुढे किती जागा लागेल, हे बसवून पाहिल्याशिवाय कसं कळणार? तो अंगणात बाकड्यावर बसला होता, काठी शेजारी. मी डबल केबिनचं सांगितलं. त्याची बायको आतून म्हणाली, "आता बरी आठवण झाली शेठला." त्याने पाय लांब केला.

मी खाली बसून कमरेपासून टाचेपर्यंत टेप लावली. टाचेशी असतानाच बोलायला लागलो. त्या दिवशीचं, म्हटलं, चढावरचं, मी...

"शेठ, माप घ्या आधी," तो म्हणाला.

मी माप घेतलं. मग त्याने पाय आवरला आणि सावकाश बोलला. "मला काय सांगता? थापा मी मारल्या. प्यायलो नव्हतो ते मला माहीत, देवीला माहीत. ज्यांना सांगितलं होतं त्यांना सांगा."

नाक्यावर दुपारी अजून आमच्यातले जुने मालक चहाला जमतात, जे उरलेत ते. झरीची माणसंही तिथेच जीपची वाट बघत उभी असतात. मी दुसऱ्याच दिवशी गेलो, बाकड्यावर न बसता उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दोन थापा पडल्या होत्या, दोनदा पडल्या होत्या, मी ऐकल्या होत्या. तो प्यायला नव्हता, ताडीचं मी रचलं.

एकजण म्हणाला, जाऊ दे रे, किती जुनं उकरतोस. दुसऱ्याने, माझ्या जवळच्या मित्राने, टोमणा मारला. "आता स्वर्गाचं परमिट पाहिजे काय तुला?"

"मिळालं तर मला हौद्यात बसव," मी म्हटलं. "वर. मालावर."

तो हसला, पण त्याचा चहा अर्धा राहिला. कारण जे मी बोललो होतो ते त्यालाही लागू होतं. त्याचेही वरचे पडले होते. आम्हा सगळ्यांचे पडले होते, आणि सगळेच प्यायलेले होते म्हणे. म्हणूनच मी तिथे आवाज खाली केला नाही. आजही करणार नाही. ज्याला बोर्डीला येऊन भांडायचंय त्याने यावं, वाडीला कुलूप नसतं.

मुलाला ही हकिगत माझ्याआधी दुसऱ्याकडून कळली. घरी आल्यावर तो बराच वेळ फक्कीच्या रेघांशी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आरटीओत चौकशी करून आला, एवढंच. मिस्त्री मात्र अजून कुरकुरतो. डाव्या अंगाला एवढी जागा फुकट जाते, म्हणतो. जाऊ दे म्हटलं, ती पायाची आहे.

मंजुरी आली तसा मी ट्रक सुरू करून घेतला. केबिन कापण्याआधी एकदा झरीला न्यायचा होता. या वेळी मापाचं निमित्तही नव्हतं. रस्ताभर काय बोलायचं ते घोकत गेलो. त्याच्या अंगणापुढे ट्रक उभा केला, इंजिन बंद केलं नाही. स्टार्टरची भीती अजून जात नाही.

तो काठी टेकत आला. नाक्यावरचं त्याच्यापर्यंत पोचलं होतं. शेजारच्या घरातून कुणीतरी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, मी ती ऐकली. तो ट्रकला वळसा घालून डाव्या बाजूला गेला, दार जिथे येणार तिथे हात लावून पाहिला.

"दार याच बाजूला ना?"

"याच बाजूला."

"मग झालं."

मी त्याच्या बाजूच्या खिडकीकडे वाकलो. घोकलेलं सगळं तोंडात होतं. तो पुढे आला, हात वर केला आणि टपावर थाप मारली. एकच.

मी गिअर टाकला. फाट्यापर्यंत आल्यावर मोकळ्या केबिनमध्ये मोठ्याने म्हणालो, "मी ऐकलं होतं रे. थांबायला हवं होतं. मला माफ कर."