पहिली मात्रा रिकामी

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर असलेला भिकन साळवे तसा गायीसारखा गरीब. पण वाल्मीक पगारेचं नाव काढलं, की गडी पिसाळलाच समजा. एकेकाळी दोघं एकाच पार्टीत भीमगीतं करायचे. वाल्मीक गायला, भिकन ड्रमवर. सोळा वर्षांपूर्वी नाशिकरोडच्या भर कार्यक्रमात भिकनला लहर आली. त्याने पहिली मात्रा रिकामी सोडली आणि दणका दिला तिसरीवर. वाल्मीक अडखळला. अडखळला तर अडखळला, वर माइकवरून बोलला, "ह्याच्या हाताला झोप लागलीय. उठवा रे कोणी तरी!" माणसं फिदीफिदी हसली. भिकनने काठ्या तिथेच फेकल्या. तेव्हापासून बोलणं बंद. लग्नात नाही, मयतीत नाही.

यंदा भिकनच्या पुतण्याने, सनीने, स्टुडिओ टाकला. म्हणाला, "काका, तुमची ती रिकामी मात्रा म्हणजे रेगे संगीत. तिकडे जमैकात एकच ठेका धरतात आणि त्याच्यावर जो तो आपलं गाणं गातो. तसा अल्बम करू. गाणारे आठ, ठेका एकट्या तुमचा."

"कोणालाही गाऊ दे. तो वाल्मीक नको."

सनीने मान हलवली. मान हलवायला काय जातंय!

भिकनने ठेका वाजवून दिला. महिन्याने ऐकायला बसला, तर पाचव्या गाण्याला वाल्मीकचा आवाज.

"गद्दारा, काढ ते!"

"काका, ऐका तरी. बाकीचे सगळे त्या रिकाम्या जागेत धडपडलेत. हे एकटेच सरळ चाललेत."

ते खरं होतं, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. "माझ्या ठेक्यावर तो तयार कसा झाला?"

सनीने डोकं खाजवलं. "कॉम्प्युटरचा ठेका आहे असं सांगितलं. गाऊन झाल्यावर म्हणाले, झकास! भिकनपेक्षा ह्या मशीनला ताल कळतो."

भिकन घरी आला तो लालबुंद. बायको शकुबाई म्हणाली, "काढून टाकायला सांगा आणि मोकळे व्हा."

"अगं, वीस वर्षं माझ्या शेजारी उभा राहून गायला, आणि माझा हात ओळखला नाही त्याने?" शिवी विसरला असता तो, हे कसं विसरणार? मग डोळे पुसून त्याने सनीला फोन लावला. "राहू दे ते गाणं. पण कव्हरवर माझं नाव सगळ्यात मोठं घाल. चारचौघांत वाचू दे त्याला."

जयंतीच्या आठवड्यात कॉलनीच्या हॉलमध्ये अल्बम निघाला. सनीने नाव पुकारलं, "आठही गाण्यांचा ठेका, भिकन साळवे!" भिकनची नजर वाल्मीकच्या तोंडावर. पण त्या पठ्ठ्याची पापणी लवली नाही. मग मात्र भिकनला राहवेना. तरातरा गेला.

"काय रे, मशीनला ताल कळतो होय? हात ओळखू येईना इतका बहिरा झालास?"

सोळा वर्षांनंतरचा हा पहिला शब्द.

"ओळखला होता," वाल्मीक म्हणाला. "पहिल्याच ओळीत."

"मग मशीन कशाला म्हणालास?"

"तुझा ठेका म्हणून गायलो असतो, तर त्या दिवशी मीच चुकलो असं झालं असतं."

"चुकलासच तू!"

"ते मी मरेस्तोवर म्हणणार नाही."

"मग पाचवं गाणं आत्ता उडवतो बघ!"

"उडव की," म्हणत वाल्मीकने पाठ फिरवली.

घरी शकुबाईने विचारलं, "काय म्हणाला तो?"

"नालायक आहे," भिकन म्हणाला, आणि पाचवं गाणं परत पहिल्यापासून लावलं.