सव्विसावं चित्र

“तेजाबाला घाई चालत नाही, शेठ,” असं म्हणत मास्तर शाईने काळा झालेला तळवा गालाला पुसायचे. मोरिवलीतल्या भाड्याच्या खोलीत ते एचिंगची चित्रं छापत. तांब्याच्या पत्र्याला मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा तेजाबात ठेवायचा. मेण निघालं असेल तेवढंच तांबं तेजाब खातं. मग त्या रेघांत शाई भरून, उसाच्या चरकासारख्या यंत्रातून कागदावर छाप घ्यायचा.

माझं उल्हासनगरला फ्रेमचं दुकान. चार फळ्या आणि एक करवत, एवढ्यावर उभं केलेलं. अंबरनाथच्या देवळाचं त्यांचं चित्र पाहिलं आणि तिथेच घासाघीस सुरू केली.

“पत्राही मलाच हवा.”

“छापून झालं की देतो,” ते म्हणाले. मला वाटलं, माणूस भोळा आहे.

प्रत्येक चित्राखाली ते पेन्सिलीने बारीक आकडे घालत. सात, तिरपी रेघ, पंचवीस. असेल त्यांची काही खूण, म्हणून फ्रेम करताना मी ते पुठ्ठ्याच्या पट्टीखाली दाबून टाके. शेजारचा सिंधी कापडवाला म्हणे, “साईं, क्या सफाई है!”

कारखान्यातल्या एका साहेबांनी पाहुण्यांना द्यायला आणखी चाळीस चित्रं मागितली. मी छाती ठोकून शब्द दिला. मास्तर समोरच माझा चहा पीत बसले होते. एक अक्षर बोलले नाहीत. तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी फडक्यात गुंडाळलेला पत्रा आणून दिला. सोडून पाहतो तर देवळावरून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खोल ओरखडा!

“हे काय केलंत?”

“पंचवीस झाली. चित्राखालचा पंचवीस म्हणजे एवढीच निघणार, हा शब्द असतो. आमच्यात मग पत्रा असाच मोडतात. सव्विसावं निघालं तर आधीचे पंचवीस जण फसतात.”

“मग काल तोंड शिवलं होतं?”

“आकडे झाकताना तुम्ही मला विचारलंत, शेठ?”

मी भरल्या दुकानात ओरडलो, “चालते व्हा!” ते गेले.

साहेबांपुढे मान खाली घालावी लागली. त्यांचं दार मला कायमचं बंद झालं.

आठवड्याने पुन्हा भांडायला मोरिवलीला गेलो, तर खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, “मास्तर खोली सोडून गेलं. यंतर बैलगाडीत घालून नेलं. ह्यो कागद तुमच्यासाठी ठेवलाय.”

पत्रा मोडल्यावर घेतलेला छाप होता. देऊळ जसंच्या तसं, आणि त्यावरून तिरपी गेलेली काळीकुट्ट रेघ. खाली आकडा नव्हता.

“आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं या माणसाचं?” मी त्या बाईवरच खेकसलो.