रेडिओच्या पोटातला दिवा

वडील फौजेतून पेन्शनवर कडेगावला आले, तेव्हा घरात त्यांच्यासाठी एकही काम शिल्लक नव्हतं. ऊस, पाण्याची पाळी, मजूर, सगळं आई इतकी वर्षं एकहाती बघत आलेली. वडिलांनी म्हैस बांधली तरी आई मागून जाऊन गाठ पुन्हा मारायची. आपल्याच घरात पाहुण्यासारखे वावरायचे बिचारे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

त्यांच्या हक्काचा असा एक रेडिओच होता. फौजेत ते वायरलेसवर होते ना! दसऱ्याच्या सुट्टीत मी साताऱ्याच्या कॉलेजातून घरी आले, तर रेडिओ नुसता खरखरत होता. खंडेनवमीच्या सकाळी वडिलांनी तो सोप्यात उघडला, वर्तमानपत्रावर स्क्रू आणि दिव्याचा बल्ब ओळीनं मांडले आणि "कुनी हात लावायचा न्हाई" असा हुकूम सोडून अंघोळीला गेले. हुकूम आईला अर्थातच लागू नव्हता. विळे, खुरपी, मोटारीचा स्टार्टर पुजत पुजत ती ताट घेऊन रेडिओपाशी आली. एवढं उघडं यंत्र बघून तिला भलताच हुरूप आला. बोट शिरेल तिथं तिनं ओलं हळदकुंकू लावलं.

वडिलांनी कपाळाला हात लावला, दिसलं तेवढं पुसलं, खरखर काढली आणि रेडिओ जोडला. आवाज खणखणीत! पण स्टेशनांच्या पट्टीमागचा दिवा काही लागेना.

"बरा पेटत हुता की," आई म्हणाली. "आवं, फौजेतबी असंच करत हुता व्हय?"

वडील एस्टीनं सांगलीला जाऊन नवा बल्ब घेऊन आले. तोही लागला नाही. जेवतानाही त्यांची नजर रेडिओकडंच. या एका कामात तरी बायकोनं आपल्याला मानावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"ऱ्हाऊ द्या. उद्या दुकानात टाकते मी," आईनं जाहीर केलं.

सकाळी ती रानातून यायच्या आत त्यांनी रेडिओ परत उघडला. मी बॅटरीचा उजेड धरला. बल्ब काढून त्यांनी होल्डरमध्ये डोकावून बघितलं. तळाशी, जिथं बल्ब टेकतो तिथंच, कुंकवाची वाळलेली खपली! त्यांनी काडीनं ती खरवडली. दिवा लागला.

आता हे आईची चांगली जिरवणार म्हणून मी खुशीत होते. तेवढ्यात ती आलीच.

"लागला? काय झालं हुतं?"

"काय न्हाई. मीच वायर उलटी लावली हुती."

"मला वाटलंच!"

ती आत गेल्यावर मी चिडून म्हणाले, "आबा, खरं का न्हाई सांगितलं?"

"कुंकवानं बिघडलं म्हनू तिला?" ते हळूच म्हणाले. "मी तिकडं असताना माज्याच नावानं लावत आलीय गं ती."

पुढं वर्षभर आल्यागेल्याला आईनं ती उलटी वायर ऐकवली. वडील निमूट ऐकायचे. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी रेडिओ पूजेला ठेवला तो स्क्रू पक्के आवळून. आईनं वरूनच कुंकू लावलं, हात जोडले आणि म्हणाली, "मागच्या साली आतनं पुजला हुता, म्हनून तुमी उलटी वायर लावूनबी जळाला न्हाई."

"व्हय," वडील म्हणाले. "तुज्यामुळंच वाचला."