साहेबांच्या फुलांसाठी मोरांचा दरवाजा पाडला

"किल्ला नेहमीचाच. यंदा ती मोरांची गढी दाखवा," असा सुनीतानं, म्हणजे बायकोनं, हट्टच धरला. रविवारी सकाळी सातला अंबाजोगाईहून मोटारसायकल काढली. धारूरकडचा रस्ता बरा आहे, पण गावाच्या फाट्यापासून नुसती खडी. वाटेत पिठलं-भाकरी खाल्ली. दोघांचे दीडशे झाले, ठेचा मागाल तेवढा.

गढीत आता कुणी राहत नाही. गावचा चौकच तिच्या तटाच्या आत आलाय. पण दरवाजा बघावा! दोन्ही बाजूंना काळ्या दगडात कोरलेला एकेक मोर, वर कमळांची पट्टी. असं मी सुनीताला रस्ताभर रंगवून सांगत होतो. पोचलो तर समोर जेसीबी, आणि उजवा मोर ढिगाऱ्यात!

"अहो, काय चालवलंय हे?" मी ओरडलोच.

पांढऱ्या कपड्यातला कार्यकर्ता अगदी थंडपणे म्हणाला, "उद्या साहेब येनार हायेत. चौकात जेसीबीतून फुलं उधळायचीत. जेसीबी दरवाजातून आत जाईना, मग काय करावं?"

डाव्या मोराला पाठ लावून एक म्हातारा उभा होता. बाबूमामा, गावचे पाथरवट. या दरवाजाचे निखळलेले चिरे बसवायचं काम त्यांच्या घराकडं आजोबांपासून.

"फुलं टोपल्यात नेता येत न्हाईत का बे?" मामा कडाडले. "हा मोर पाडायचा तर आधी मला पाडा!"

"मामा, आता जेसीबी जातोय की. डाव्या बाजूला हात लावनार न्हाई. शब्द दिला."

मामा हलेनात. ऊन डोक्यावर आलेलं. शेवटी मीच मध्ये पडलो. "मामा, शब्द दिलाय त्यानं. चला, सावलीला बसा." हात धरून त्यांना झाडाखाली आणलं, पाणी दिलं, त्यांचा फोन नंबर घेतला आणि निघालो.

घरी आल्यावर जीव लागेना. परवा मामांना फोन केला.

"डावी बाजू शाबूत आहे ना?"

"ती बी पाडली."

"अहो, का पण? जेसीबी तर आत जात होता!"

"एकच बाजू साहेबाच्या फोटूत बरी दिसंना म्हने."

त्या कार्यकर्त्याचा संताप येतोच, साहेबांचाही येतो. पण मामांना हात धरून बाजूला मी केलं होतं. सगळ्यात जास्त चीड मला माझीच येते.