गाऱ्हाण्यावर चालणारा हात

देवाशी वाद घालून जिंकणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात एकच, आणि तो माझा मामा. गावात नवी होडी पाण्यात लोटायची असो की कुणाच्या घराची चौकट बसवायची असो, गाऱ्हाणं घालायला मामाच लागायचा. इतर लोक देवाला विनवतात, मामा त्याला समज द्यायचा. "गेल्या वर्षी सांगितलेला इसारलंस, तसा ह्या टायमाक करू नको रे म्हाराजा!" असं तो खडसावायचा आणि जमलेली मंडळी "व्हय म्हाराजा!" म्हणून देवाविरुद्ध साक्ष द्यायची. घरी साक्षीदार एकटी मामी. चहाला उशीर झाला तरी मामा ओटीवरून गाऱ्हाणं घालणार, आणि चुलीपुढून तिचा निर्विकार "व्हय म्हाराजा" येणार. चहा त्यानंतर तिच्या सवडीनं.

वाद घालतानाच तो पडला. नारळ काढणाऱ्याला कोवळा आणि जून नारळ ओळखता येत नाही हे सिद्ध करायला साठी उलटलेला मामा स्वतः माडावर चढला. नारळ त्यानं बरोबर ओळखला, उतरायची पद्धत तेवढी चुकली. मानेखालचं सगळं शरीर लुळं पडलं, तोंड मात्र शाबूत राहिलं. "देवाक माझ्याशी भांडल्याशिवाय करमणा नाय," हा त्यावर मामाचा खुलासा.

मामीनं मात्र तेव्हापासून गाव सोडलं नाही. मसुऱ्यातल्या आंगणेवाडीच्या देवीची जत्रा एकही वर्ष न चुकवणारी ती बाई, मी कुडाळहून येऊन मामाजवळ बसतो म्हटलं तरी हलेना. "पाणी पिताना तेंका ठसको लागता. तेंचो घोट माकाच कळता," म्हणायची. एकदा ती विहिरीवर गेल्याचं बघून मामा मला म्हणाला, "तिका जत्रेक धाड रे कायतरी करून. माझ्यापायी तिची देवी तुटली." मामाला असं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

माझी मुलगी पुण्यात इंजिनियर आहे. ती एक यंत्राचा हात घेऊन आली. हात खुर्चीला जोडायचा आणि डोक्यावर तारांची टोपी घालायची. माणसानं आपला हात उचलायचं नुसतं मनात आणलं की टोपी ते ओळखते आणि यंत्राचा हात हलतो. गिलासात नळी ठेवलेली, गिलास तोंडाशी आला की आपल्या घोटानं प्यायचं. टोपी चढताच मामानं आरसा मागितला. "बाशिंग बांधून किती वर्षांनी बसलंय!"

"आजोबा, घरात एकदम शांतता हवी," मुलीनं बजावलं. "आणि मनात फक्त गिलास."

मामाच्या मनात म्हणे फक्त गिलास! गिलासावरून पाणी, पाण्यावरून विहीर, विहिरीवरून शेजाऱ्यानं सरकवलेलं कुंपण. हात जो सुटला तो थेट कुंपणाच्या दिशेनं, आणि वाटेत माझा चष्मा होता. आठवडाभर हेच चाललं. मुलगी रोज म्हणायची, मन शांत ठेवा. शेवटी मामा कातावला. "गो बाय, माजा मन माजाच ऐकणा नाय, तुझ्या मशिनीचा काय ऐकतला?" आणि त्यानं ठेवणीतला आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्यो जो काय लोखंडाचो हात तुझ्या लेकराच्या दारात इलो आसा, तेका बरी बुद्धी दी, तेची वाकडी चाल सरळ कर, आणि पाण्याचो गिलास तोंडापर्यंत सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

आतून सवयीनं मामी म्हणाली, "व्हय म्हाराजा."

हात उचलला गेला. गिलास धरून, डुगडुगत, तोंडाशी येऊन थांबला. मुलगी टाळ्या पिटायला लागली, मामी हातातल्या आमटीच्या डावासकट बाहेर धावली. स्वतःच्या घोटानं पाणी पिऊन मामानं पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर पाणी कोमट असल्याची तक्रार. पुढे रोज गाऱ्हाणं, रोज "व्हय म्हाराजा", रोज पाणी. अखेर जत्रेच्या दिवशी मामी शेजारणींबरोबर रिक्षात बसली. "जा गो, एक दिस तरी माका सुखान ऱ्हवाक दी!" मामा मागून ओरडला.

रिक्षा वळणाआड गेली आणि मामानं गाऱ्हाणं घातलं. मी छाती फुगवून "व्हय म्हाराजा!" म्हटलं. हात ढिम्म. पुन्हा घातलं, पुन्हा ढिम्म. मुलीला फोन लावला. तिनं विचारलेलं सगळं तपासून झालं, टोपीत काही बिघाड नव्हता. "बाबा, आजोबांचं लक्ष कुठे आहे?" तिनं विचारलं. आजोबांचं लक्ष रस्त्याकडे होतं. "आता मसुऱ्यात पोचली आसतली. रांग मोठी आसतली रे. उन्हात तिका चक्कर येता." शेवटी नळी धरून मीच त्याला घोटाघोटानं पाणी पाजलं. दोनदा ठसका लागला. डोळ्यांतलं पाणी मी पुसलं तेव्हा तो म्हणाला, "तिका सांगा नको. सांगलंस तर फुडच्या वर्षी जावची नाय."

संध्याकाळी फाटकाचं बेडं वाजलं. "पाणी पिलात मां?" अंगणातून मामीचा आवाज आला, आणि दिवसभर दगडासारखा पडून असलेला तो हात गाऱ्हाण्याबिऱ्हाण्याशिवाय उठला, गिलास घेऊन मामाच्या तोंडाशी गेला. जत्रेतल्या गोड खाजाचा पुडा घेऊन मामी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. "बघ, मी उगीच भियालंय. आता फुडच्या वर्षीय जातलंय." मामा पाणी ओढत माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

आता जत्रा जवळ आली की मामीचा मला कुडाळला फोन येतो. "खरा सांग हां, त्या दिसाक ते आपल्या हातान पाणी पिले मां?" मागून मामाचं खाकरणं ऐकू येतं.

मी म्हणतो, "व्हय म्हाराजा."