सोडून द्यायचा मासा

बॉथेलहून ऑलिंपिक पेनिन्सुलाला सॅमन पकडायला जाणार असाल, तर निघण्याआधी नवऱ्याला एक गोष्ट विचारून घ्या: पकडलेला मासा खायचा असतो का? मी विचारलं नव्हतं.

समीर फ्लाय फिशिंगच्या नादी लागला त्याला काही वर्षं झाली. डिसेंबरात आम्ही कायमचे रत्नागिरीला परतणार असं ठरलं होतं. तिथे माझी आई एकटीच असते. तिने आमच्यासाठी वरची खोली रंगवूनसुद्धा घेतली. तेव्हा "जायच्या आधी एकदा तूही चल ना यार," असं समीरने म्हटल्यावर मी तयार झाले. बॅगेत आईने पाठवलेला मसाला, कोकमं आणि बिडाचा तवा घेतला. ताजा फडफडीत मासा आपल्या पद्धतीने करून खायचा आणि मग या देशाला रामराम ठोकायचा, असा माझा बेत.

शनिवारी एडमंड्सच्या फेरीला, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीला, लवकर पोहोचा, नाहीतर सकाळ गाड्यांच्या रांगेत जाते. पलीकडे रस्ता देखणा आहे, पण फोनला रेंज नसते. पेट्रोल आधीच भरा. वाटेत क्लॅम चाउडर खाल्लं. शिंपल्यांचं इतकं मिळमिळीत काही करता येतं, हे तिथे कळलं. मुक्कामाच्या केबिनमध्ये भांडी असतात, मीठही असतं.

सकाळी गाइड डेव्ह बोट घेऊन आला. लायसन्स ऑनलाइन मिळतं, गाइड मात्र खिसा हलका करतो. तळ्यावर धुकं होतं आणि बोटं आखडत होती. पिसं गुंडाळलेला हूक, म्हणजे खोटी माशी, पाण्यावर अलगद टेकवायची असते. माझी समीरच्या टोपीत अडकली. डेव्ह सांगत होता की हे मासे समुद्रात वाढतात आणि जन्मल्या जागी परत येतात. त्यांची मजा आहे.

मग माझीच दोरी ताणली गेली. "हळू! रील कर, रील कर!" समीर ओरडला. मासा आला, हातभर लांब, चांदीसारखा. डेव्हने पाण्यातच जाळी धरली, हूक काढला आणि जाळी कलती केली. मासा गेला.

"अहो, हे काय!" मी डेव्हवर मराठीतच ओरडले.

"वाइल्ड आहे, पैदास केलेला नाही. कायद्याने सोडावाच लागतो," समीर म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

डेव्हला वाटलं, मी मासा गेल्यामुळे चिडलेय. "डोंट वरी," तो हसून म्हणाला. "नेक्स्ट सप्टेंबर, सेम बोट. राइट, सॅम?"

समीर पाण्याकडे बघत राहिला.

"बुकिंग केलंयस?"

"प्रोजेक्ट एक्स्टेंड झालाय गं. मी हो म्हटलंय. सांगणारच होतो."

"कधी? विमानतळावर?"

मला त्याचा असा संताप आला की रॉड तळ्यात फेकून द्यावासा वाटला. पण तो भाड्याचा होता.

परतीच्या फेरीबोटीवर त्याने माझ्यासाठी कॉफी आणली. मी प्यायले नाही. पुढे घरापर्यंत डिकीतला तवा प्रत्येक वळणावर वाजत होता.

ट्रिप करावी का? जरूर करा, तळं खरंच सुंदर आहे. मला मात्र ते पुन्हा बघायचं नाही.

घरी पोहोचल्यावर आईचा फोन आला. "मासा मिळाला काय गो?"

"मिळाला. सोडून दिला."

"अरे देवा! आणि मसाला?"

"आहे तसाच. घेऊन येतेय."

"येतेय काय? आम्ही येतोय म्हण गो."

"येतेय," मी म्हटलं.