राहून गेलेली ताकीद

गुरुग्रामच्या त्या हॉटेलातला एसी इतका गार होता की पांढऱ्या हातमोज्यांतही माझी बोटं गारठली होती, आणि पाठ मात्र घामाने ओली. स्नूकरच्या रँकिंग स्पर्धेत रेफरी म्हणून माझा तो पहिलाच सामना. तोवर मी दिल्लीतल्या क्लबांचे आणि सरकारी खात्यांचे सामने सांभाळले होते. घरून निघताना नवरा म्हणालाच, "रंगीत गोट्या उचलून जागेवर ठेवायला रजा टाकतेस? कमाल आहे यार तुझी." मी हातमोजे पिशवीत टाकले आणि दार ओढून घेतलं. पहिल्याच सामन्याला जाताना भांडण कुठे करू?

तसं हे काम माझ्या स्वभावाला शोभतं. पहाडगंजच्या मराठी शाळेत मी वर्गाची मॉनिटर होते आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिताना जिवलग मैत्रिणीलाही सोडत नसे. दुसऱ्याची चूक मला लगेच दिसते. स्वतःची दिसायला जरा वेळ लागतो.

सामना होता दिल्लीच्या एका पस्तिशीतल्या खेळाडूचा आणि परदेशातून आलेल्या एका तरुणाचा. सकाळी चहा पिताना सगळे रेफरी तेच बोलत होते. दिल्लीवाला आज जिंकला तर व्यावसायिक खेळाडूंच्या यादीत टिकेल, हरला तर बाहेर. बाहेर म्हणजे पुन्हा पात्रता फेऱ्या, पुन्हा पहिल्यापासून सगळं. हे मी ऐकायलाच नको होतं. रेफरीला टेबलावरचे चेंडू दिसावेत, माणसाचं घरदार नाही.

सात फ्रेमचा, म्हणजे सात डावांचा सामना तीन-तीन असा बरोबरीत आला. शेवटच्या फ्रेममध्ये थोडेच लाल चेंडू उरले होते आणि पाळी परदेशी पाहुण्याची होती. समोरचा लाल चेंडू त्याला पूर्ण दिसत होता, पण त्याला त्याची फक्त कड घासून पांढरा चेंडू सुरक्षित जागी परत आणायचा होता. कड घासलीच नाही. "फाउल अँड अ मिस," मी म्हणाले. अशा वेळी प्रतिस्पर्धी तोच फटका पुन्हा खेळायला लावू शकतो; दिल्लीवाल्याने चेंडू पूर्ववत ठेवायला सांगितले. पाहुण्याने पुन्हा तोच फटका मारला आणि पुन्हा केसभर अंतराने हुकला. दिल्लीवाल्याने पुन्हा चेंडू पूर्वीच्या जागी ठेवायला सांगितले.

इथे नियम साधा आहे. चेंडू पूर्ण दिसत असताना खेळाडू दोनदा हुकला की रेफरीने त्याला ताकीद द्यायची: आता तिसऱ्यांदा हुकलात तर फ्रेम गेली. ताकीद दिलेली नसेल तर फ्रेम जात नाही. हा नियम मी झोपेतही सांगितला असता.

पण मी पांढरा चेंडू जागेवर ठेवत असतानाच प्रेक्षकांत एका काकांचा फोन वाजला. माझ्यातली मॉनिटर उसळली. त्या काकांकडे मी असं पाहिलं की त्यांनी फोन मांडीखाली दाबला. मग वळून, चेंडू बरोबर ठेवलाय ना, हे दोन्ही खेळाडूंना विचारलं. दोघांनी मान हलवली. मी मागे सरकले.

पाहुणा तिसऱ्यांदा हुकला.

दिल्लीवाला खुर्चीतून उठला. पाहुण्याने स्टिक टेबलाला टेकवून हात पुढे केला. फोनच्या गडबडीत आपण ताकीद ऐकली नसेल, असंच त्याला वाटलं असावं. मागे कुणी टाळ्याही वाजवायला लागलं.

आणि मला एकदम आठवलं. मी ताकीद दिलीच नव्हती.

हे फक्त मला माहीत होतं. गुण मांडणारा सहकारीसुद्धा त्या काकांकडेच बघत बसला होता. मी गप्प राहिले असते तर दिल्लीवाला यादीत राहिला असता आणि माझंही नाव खराब झालं नसतं. खोटं कशाला बोलू, दोन-तीन श्वास मी गप्पच होते. त्या दोघांचे हात लवकर मिळावेत, असं मनापासून वाटत होतं.

मग मी दोघांच्या मध्ये गेले. "सॉरी, मी वॉर्निंग दिली नव्हती. फ्रेम संपलेली नाही," असं इंग्रजीत कसंबसं सांगितलं.

दिल्लीवाल्याने वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं, मला नियम तरी सुनावता आला असता. त्याने हात मागे घेतला आणि चेंडू पूर्वीच्या जागी ठेवायला म्हणाला. या वेळी मी इतक्या मोठ्याने ताकीद दिली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. पाहुण्याने कड घासायचा नाद सोडून लाल चेंडू सरळ मारला. त्यातून दिल्लीवाल्याला एक सोपा लाल मिळाला. त्याने दोनदा स्टिकला खडू लावला, दोनदा नेम धरला. चेंडू पॉकेटच्या तोंडाशी जाऊन अडकला आणि पाहुण्याने उरलेलं टेबल साफ करून सामना जिंकला.

सामना संपल्यावर दोन्ही खेळाडू रेफरीशी हात मिळवतात, अशी रीत आहे. मला पळून जावंसं वाटत होतं. पाहुणा हात मिळवून गेला. मुख्य रेफरी जवळ येऊन, "बिल्कुल सही किया," म्हणाले आणि मला थोडा धीर आला. शेवटी दिल्लीवाला आला. "माफ कीजिए," मी पुटपुटले.

"नहीं मॅडम, बताना तो था ही," माझा हात हातात घेऊन तो हळूच म्हणाला. "बस, थोडा पहले बताना था."